ती खरखर माझी नव्हती

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पण मला ऐरागैरा समजू नका. दोन बाजूंना दोन स्पीकर, उचलायला वर दांडी आणि पुढे ओळीने बटणे, असा माझा रुबाब. कारखान्यात मला तपासणाऱ्या माणसाने माझ्यासमोर एक टाळी वाजवली, ती माझ्याकडून परत ऐकली आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

शाळेत आलो तेव्हा माझा थाट काय सांगू! संमेलनाची गाणी मीच वाजवायची, कवायतीला ठेकाही मीच द्यायचा. मला उचलून न्यायला मुले भांडायची. पुढे नवी यंत्रे आली आणि गरज सरो, वैद्य मरो, तशी माझी गत झाली. प्रयोगशाळेतल्या कपाटावर मी धूळ खात पडलो. राग फार यायचा. पण बटण दाबल्याशिवाय बोलता येत नाही, हे माझे जन्माचे दुखणे.

एक दिवस शास्त्राच्या बाईंनी नववीच्या मुलांना सांगितले, "आपल्या वस्तीतला एक प्रश्न शोधा. पुस्तकातला नको, दारातला हवा. ज्यांचं काम चोख असेल, ते नगरपालिकेच्या सभेत बोलतील." शाळेत फोन आणायला बंदी होती, म्हणून लोकांची उत्तरे टिपायला मला खाली उतरवले.

गटाची पुढारी एक मुलगी होती. प्रश्न विचारून समोरच्याला भंडावून सोडायची, म्हणून सगळे तिला फौजदारीण म्हणत. मला उचलून हिंडणारा तिचा जोडीदार लांब्या. फौजदारिणीने प्रश्न आधीच ठरवून टाकला होता: कचरा! दारोदार जाऊन ती विचारायची, "काकू, कचऱ्याचा त्रास होतो ना?" असे विचारल्यावर नाही कोण म्हणेल? काकू म्हणायच्या, "होतो की. पण त्याहून..." पुढचे ऐकायला वेळ कुणाला? खटकन माझे बटण बंद. संशोधन कसले, निव्वळ हजेरी घेणे ते.

वर्गात येऊन कॅसेट लावली, तर जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे खरखर.

"डबडं झालंय हे," लांब्या वैतागला. "भंगारवाल्याला देऊन टाकू."

माझ्या काळजात धस्स झाले. इतकी वर्षे इमानाने राबलो, त्याचे हे फळ!

पण फौजदारीण अडून बसली. "आधी गुन्हा सिद्ध करू, मग शिक्षा." तिने कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून माझे हेड, म्हणजे फितीला टेकणारा भाग, पुसले. खिडक्या लावून घेतल्या आणि शांत वर्गात एकोणतीसचा पाढा माझ्यापुढे म्हटला. परत लावला, तर आवाज खणखणीत! पाढा दोन ठिकाणी चुकला होता, पण तो माझा दोष नव्हे.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "मग हा आवाज कुठला?"

दोघे माझ्या स्पीकरला कान लावून पुन्हा ऐकू लागले. काकूंमागे तोच आवाज, किराणावाल्यामागे तोच. मग तिच्या आईचे उत्तर आले. "होतो गं," आणि त्यामागून तो आवाज, लांबलचक.

"लांब्या, हा खोकला आहे," ती हळूच म्हणाली. "आई खोकतेय."

आईच नव्हे, सगळी वस्ती खोकत होती. कुणी तोंडावर हात धरून, कुणी आतल्या खोलीत. रोज उशाशी येणारा आवाज फौजदारिणीला आजवर ऐकूच आला नव्हता. मला तिची फार दया आली.

वस्तीमागे दगड फोडून खडी करणारा क्रशर होता. त्याची भुकटी घराघरांत उतरायची. वस्तीतल्या बऱ्याच जणांसारखी तिची आईही तिथेच खडीच्या चाळणीवर कामाला होती. दोघे पुन्हा सगळ्या दारांत गेले. या वेळी त्यांनी एवढेच विचारले, "तुम्हाला काय सांगायचंय?" आणि माझ्या बटणाला हात लावला नाही. तेव्हा कळले की धूळ बसवायला दगडांवर पाणी मारायचा पंप मालकाने कधीच बंद केला होता. बोलणार कोण? पाण्यात राहून माशाशी वैर!

घरी फौजदारीण आईला म्हणाली, "सभेत बोलायला आमचीच निवड झालीय. मालकही येणार आहे. त्यानं तुझा आवाज ओळखला तर?"

"काम जाईल," भांडी घासता घासता आई म्हणाली.

"मग तुझा आवाज पुसते."

"आणि बाकीच्यांचा ठेवशील? त्यांना पोटं नाहीत?" आईने हात धुतले. "पुसू नकोस. माझाच आधी लाव. मी येते सभेला."

सभेत मालक हसत म्हणाला, "आमच्या माणसांना काही होत नाही, साहेब. कुणालाही विचारा."

फौजदारिणीने मला टेबलावर ठेवले. तिने बटण दाबले. आईचा आवाज आणि तो खोकला सभागृहभर पसरला.

"मशीन बिघडलंय ते," मालक म्हणाला. "खरखर ऐकू येतेय नुसती."

"आम्ही तपासलंय," ती म्हणाली आणि तिने मला बंद केले.

मी गप्प झालो, तरी तो आवाज येतच राहिला. सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत तिची आई उभी होती. तिने खोकला थांबू दिला आणि म्हणाली, "मी चाळणीवर असते, साहेब. हा माझाच आवाज." मग शेजारच्या काकू उठल्या. मग किराणावाला.

मालकाने आईला कामावरून काढले खरे, पण दुसऱ्या दिवशी चाळणीवर कुणीच गेले नाही. शेवटी त्याने तिला बोलावून घेतले आणि नगरपालिकेच्या माणसांसमोर पंप चालू केला. आईचा खोकला अजून पुरता गेलेला नाही; दर आठवड्याला लेक तिला दवाखान्यात नेते आणि डॉक्टरांनाही भंडावून सोडते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. एखादे यंत्र खरखरले, तर भंगारात काढण्याआधी ते शांत खोलीत लावून पाहा. तिथे ते नीट चालले, तर यंत्र ठेवा बाजूला, उठा आणि आवाज कुठून येतो ते शोधून काढा.