पक्के मास्तरांची गाठ

संध्याकाळी घरात शिरले की चपला काढायच्या आत आतल्या खोलीतून प्रश्न येतो, "आज काय उघडलंस?"

हे माझे सासरे. माझ्या आधी याच ग्रंथालयात ते बाइंडर होते. आता त्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो, पलंगावरून खुर्चीत बसवलं तरी धाप लागते, आणि दिवसभर ते माझी वाट बघत असतात. माझी म्हणजे माझी नव्हे, पुस्तकांच्या बातमीची. बातमी एकटी चालत आली तर मी नाही आले तरी त्यांचं काही अडायचं नाही, असं मी नवऱ्याला म्हणते. तो हसतो, कारण रोज उत्तर त्याला द्यावं लागत नाही.

"लाल पोथीचं कुठवर आलं?" पुढचा प्रश्नही ठरलेला.

"चाललंय, बाबा. पुसून-बिसून घेतेय."

"नुसती पूस. शिलाईला हात लावू नकोस. ती काही तुझ्या हयातीत सुटायची नाही."

"नाही लावत," मी म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर चढवते.

साफ खोटं. त्या शिलाईच्याच मागे मी लागले होते, आणि तेही साहेबी हुकमाने.

ग्रंथालयात त्यांना सगळे पक्के मास्तर म्हणत. 'पक्के' हे आडनाव नव्हे. फाटकं पुस्तक हातात आलं की ते म्हणायचे, "आता असं पक्कं करतो, की पानं फाटतील पण शिलाई सुटायची नाही." आणि अगदी तस्संच झालं, हीच तर सगळी पंचाईत. पानं फाटली आणि शिलाई सुटली नाही.

लाल पोथी हे त्यांचं सगळ्यात लाडकं काम. मुळात ती सुट्या पानांची, आडवी, लांबट. कुणा लेखनिकाने बोरूने लिहिलेली, आणि हात असा की एकाही ओळीची समासाबाहेर पाऊल टाकायची हिंमत झालेली नाही. अशी पोथी वाचताना पान वरच्या बाजूला उलटायचं असतं, म्हणून लिहिणारा पाठचा मजकूर त्याच हिशेबाने लिहितो. वाचून झाली की दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधायची. पण त्या काळी वाचक पानं पळवायचे, राहिलेली वारा उडवायचा, आणि तेव्हाच्या ग्रंथपालांनी वैतागून सांगितलं, शिवून टाका. मास्तरांनी शिवली. डाव्या कडेने, वहीसारखी, आरीने भोकं पाडून, पाठीवर जाड सरस थापून आणि वरून लाल चामडं चढवून. परिणाम असा की एक पान सुलट आणि त्याच्या पाठचं खाली डोकं वर पाय. वाचायची तर दर पानाला अख्खी पोथी गोल फिरवा.

नवी सून होते तेव्हा मी विचारलं होतं, "बाबा, हे उलटं नाही का झालं?"

"वाचणाऱ्याला हात आहेत ना? फिरवेल. पान हरवलं तर कुठून आणणार तो?"

खरं सांगायचं तर त्यांचं हे म्हणणं आजही मला पुरतं खोडून काढता येत नाही. त्यांनी शिवल्यापासून त्या पोथीचं एकही पान हरवलेलं नाही.

हे काम मला शिकवलं ते त्यांनीच. नवऱ्याला जुन्या कागदाच्या वासानेच शिंका येतात, म्हणून ही विद्या सुनेच्या गळ्यात पडली. दोऱ्याला मेण लावणं, खळ शिजवणं, हाडाच्या पट्टीने घडी बसवणं, सगळं त्यांनी शिकवलं, एक सोडून. शिलाई संपली की ते शेवटी एक गाठ मारायचे. ती मारताना ते हाताचा आडोसा करायचे. मग चार कागद शिवून, गाठ मारून ते माझ्यापुढे टाकायचे. "सोडवून दाखव. सोडवलीस की शिकवतो." मी नखं झिजवायची, सुई खुपसायची, दातसुद्धा लावायची आणि शेवटी मुकाट्याने कात्री घ्यायची.

"कात्री लागली ना?" असं म्हणून ते इतके खूश व्हायचे, की त्या दिवशी आमटीत मीठ नसलं तरी खपून जायचं.

पुढे ते निवृत्त झाले. मी बाहेर जाऊन नव्या पद्धतीचं शिक्षण घेऊन आले आणि विभागाच्या दारावरचं 'बांधणी' जाऊन तिथे 'जतन' आलं. नवी शिकवण अशी, की उद्या कुणाला काढता येणार नाही असं आज काहीही करायचं नाही. ताण आला तर आधी बांधणीने हार मानायची, पानाने नाही. मला हे मनापासून पटलं. पटलं आणि तिथेच अडकले, कारण त्या दिवसापासून माझं निम्मं काम म्हणजे सासऱ्यांनी केलेलं सोडवत बसणं. दिवसभर त्यांचा सरस खरवडायचा आणि संध्याकाळी त्यांना औषध पाजायचं. दोन्ही ठिकाणी मान खाली.

यंदा ग्रंथालयाने लिखाणाच्या इतिहासाचं प्रदर्शन ठरवलं. नाव, 'अक्षरांचा प्रवास'. प्रदर्शनात सगळ्या गोष्टी प्रवासालाच निघालेल्या असतात, घरी म्हणून कुणी बसत नाही. मातीच्या विटा, झाडाची साल, ताडाची पानं, मग हाताने लिहिलेला कागद, शिळाछाप, खिळ्यांची छपाई. आणि कागदाच्या दालनात मधोमध लाल पोथी. एका जुन्या शिपायाने ही बातमी फोनवरून बाबांना दिली. "माझी पोथी काचेत बसणार," असं त्यांनी मग ज्याला त्याला फोन लावून सांगितलं. नंबर मीच लावून देत होते. आणि त्याच दुपारी मॅडमनी मला सांगितलं होतं, की पोथी काचेखाली सपाट ठेवायची तर ती सुटी करावी लागेल.

मॅडम आमच्या विभागप्रमुख. माझ्याहून लहान, कामाला वाघीण, बोलायला कोरडी. त्यांचा राग करावा असं त्यांच्यात काही नाही, ही त्यांची एक अडचणच आहे.

मी पोथी उसवायला घेतली. सरसावर ओलसर लगदा ठेवायचा, तो मऊ होईपर्यंत थांबायचं, मग पट्टीने कणाकणाने उचलायचा आणि टीपकागदाने टिपायचं. पट्टी बाबांनीच दिलेली. त्यांच्याच हत्याराने त्यांच्यावरच चालून जाण्यासारखं ते होतं. शेवटच्या गाठीसाठी मी एक अख्खी सकाळ राखून ठेवली. भिंग लावलं, दिवा जवळ ओढला, दारावर 'आत येऊ नये' लावलं. इतक्या वर्षांनी खरी गाठ हाताशी आली होती आणि मला, खोटं कशाला सांगू, जरा उत्साह आला होता.

चिमटा लावला आणि गाठीचा भुगा झाला. सुटायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. चामड्याने आणि सरसाने दोरा आतून कधीच खाऊन टाकला होता. एक तपकिरी चिमूट टेबलावर पडली, फुंकर घातली असती तर तीही उडाली असती. गेली कित्येक वर्षं ती पोथी नुसत्या सरसाच्या भरवशावर उभी होती.

मला रडू नाही आलं, संताप आला. "निदान सोडवायला तरी काही ठेवायचं होतंत!" मी मोठ्याने म्हणाले.

पलीकडच्या टेबलावरून मॅडमनी वर बघितलं. "काय झालं?"

"काही नाही. दोरा कुजलाय."

"बरं झालं. काम लवकर उरकलं."

पानं सुटी झाली. मी पहिलं पान वरच्या बाजूला उलटलं आणि पाठचं अक्षर सुलट समोर आलं, लिहिणाऱ्याने मनात धरलं होतं तसं. फार सुंदर होतं ते. बाबांसाठी जीव तुटत असतानाही सुंदर होतं, आणि दोन्ही एकदम वाटायला लागलं की माणूस फार दमतो.

लाल कव्हर डब्यात बंद होऊन तळघरात जाईल, असं मी धरून चालले होते. मॅडम म्हणाल्या, "तेही शेजारी मांडू. दुरुस्ती चुकली की काय होतं ते लोकांना कळू दे." पाटीचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला: चुकीच्या बांधणीचा नमुना. सुट्या पानांची पोथी कडेने शिवल्यामुळे निम्मी पानं उलटी झाली आणि शिलाईजवळ फाटली.

"मॅडम, हे माझ्या सासऱ्यांचं काम आहे."

त्यांना हे माहीत नव्हतं. "नाव कुठे घातलंय आपण?" त्या म्हणाल्या, आणि मग जरा मऊ आवाजात, "यातला एक तरी शब्द खोटा आहे का? असेल तर सांगा, आत्ता काढते."

एकही नव्हता. मी पाटी कापून पुठ्ठ्यावर चिकटवून दिली. चिकटवलीही नीट, सवयच आहे.

घरी नवरा म्हणाला, "अगं, नेऊच नकोस त्यांना. प्रदर्शन पुढे ढकललंय म्हणून सांग."

"तू सांग."

"मला नाही जमत खोटं बोलायला."

"आणि मला जमतं म्हणून रोज मीच बोलायचं?"

त्यावर त्याने पेपरात तोंड घातलं. आतून बाबा विचारत होते, निळा सदरा इस्त्री केलाय का.

उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. दारातला रखवालदार जुना होता. तो "मास्तर!" म्हणून उठून उभा राहिला आणि बाबांची मान ताठ झाली. विटा, सालं, ताडपत्रं यांच्याजवळ त्यांनी थांबूसुद्धा दिलं नाही. कागदाच्या दालनात शिरल्यावर त्यांनी विचारलं, "आली?"

"आली."

त्यांनी हात पुढे केला. मी खुर्ची काचेला भिडवली. काचेला हात लावायला मनाई आहे, पण रखवालदार नेमका तेव्हा दुसरीकडे बघत होता. बाबांचा तळवा लाल कव्हराच्या बरोबर वर टेकला होता.

"चामडं तसंच आहे?"

"जरा काळवंडलंय."

"पाटी असेल ना? वाच."

नवऱ्याने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी मनात दुसरी पाटी तयार ठेवली होती. 'या ग्रंथालयाच्या ज्येष्ठ बांधणीकारांनी' अशी तिची सुरुवात होती आणि पुढेही चांगलीच होती. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, आणि इतक्या संध्याकाळींनी माझ्यातलं सगळं संपवलं होतं. मी जी होती ती पाटी वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत.

त्यांनी काचेवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"सुटी केली पानं?"

"हो."

"कुणी? तू?"

"मीच, बाबा."

"फाटली होती?"

"शिलाईजवळ. बरीच."

तेवढ्यात एक जोडपं आलं, पाटी वाचली, बाई "अरेरे, काय करून ठेवलंय" म्हणाली आणि दोघं पुढे गेली. बाबांनी ते ऐकलं. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मॅडमचा शब्द न् शब्द खरा होता, पण म्हाताऱ्या माणसाला मी इथे आणून मारलं, असं मला वाटलं. नवरा खुर्ची वळवायला लागला. बाबांनी चाक हाताने धरलं.

"गाठ?" त्यांनी विचारलं.

मी खाली, त्यांच्या गुडघ्यापाशी बसले. तेवढ्या एका गोष्टीपुरतं त्राण कुठून आलं, मला माहीत नाही.

"नाही सुटली, बाबा. भिंग लावलं, चिमटा लावला. अख्खी सकाळ घालवली."

"मग?"

"मग काय."

"कात्री लागली?"

"लागली."

ते हसले. हसण्याची ढास झाली, नवऱ्याने पाठीवरून हात फिरवला, पण ते थांबेनात. बाहेर पडताना त्यांनी रखवालदाराला थांबवून सांगितलं, "एवढं शिकून आली, पण कात्री लागली हिला." तो बिचारा काही न कळून "हो, हो" म्हणाला.

गाडीत ते डोळे मिटून बसले होते. झोपले असं वाटून मीही डोकं मागे टेकलं. तेव्हा ते म्हणाले, "उद्या येताना दोरा आण. मेण आहे आपल्याकडे. शिकवून टाकतो तुला."

"सोडवली नाही तरी?"

"आता कधी सोडवणार? आणि मी काय जन्माला पुरणार आहे? कुणाला तरी यायला हवी ती."

ती गाठ आता कुठल्याच पुस्तकाला मारायची नाही. मी मारली तर मॅडम मला दारात उभं करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल. शिकून ती करायची काय, हे माझं मला कळत नव्हतं, आणि त्यांच्या थरथरत्या बोटांना ती अजून येते की नाही, हेही. मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

"आणते," मी म्हणाले. "जाड आणू की बारीक?"

"जाड आण," बाबा म्हणाले. "माझ्या बोटांना कळला पाहिजे."