फिरकीचा तांब्या

निशाण्या डोंगरावर तुम्ही दोघं का गेला होतात, असं कोणी विचारलं तर मी 'सहज' म्हणून सांगतो. ते खोटं आहे. दीपचंदला मी चिडवून नेलं होतं.

चोपड्याला मॅट्रिकच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. तो मारवाडी जैन, पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. मी केळी-कापूसवाल्या शेतकऱ्याचा पोरगा, तालमीत घुमणारा. अंगाने तो माझ्या निम्मा, पण गणितात मी त्याच्याच वहीवर जगत होतो. कधी मागितली आणि त्याने दिली नाही, असं झालं नाही.

बावन्न सालच्या पर्युषणात त्याने पहिल्यांदा तेला धरला. तेला म्हणजे ओळीने तीन दिवस उपवास. अन्नाचा कण नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. कच्च्या, न उकळलेल्या पाण्याचा घोट पोटात गेला की तेला मोडला. चौथ्या दिवशीच्या पारण्यासाठी त्याची बहीण सायरबाई मुद्दाम धुळ्याहून आली होती. आई सज्जनबाई आल्यागेल्याला सांगत होती, 'माझ्या दीपूचा तेला आहे.' वर्गात मास्तरसुद्धा त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले. मला हे कौतुक बघवेना. पाणी पिऊन गप्प बसायचं, त्यात कसला आलाय पराक्रम?

उपवासाचा दुसरा दिवस होता. पोळा उद्यावर आला होता, म्हणून शाळा दुपारीच सुटली. घरी बैलांचे खांदे मळायला थांबायचं सोडून मी दीपचंदच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"मी निशाण्यावर जाई ऱ्हायनू," मी म्हणालो. "उपाशी माणूसनं हाई काम नही. तू आपला स्थानकमा जाईसन बस."

स्थानक म्हणजे त्यांचे साधू उतरतात ती जागा. तिथे जाऊन तो बसला असता तर बरं झालं असतं. पण तो कधी नव्हे तो लालबुंद झाला.

"चाल, जाऊत," म्हणाला.

सज्जनबाईंना मी सांगितलं, डोंगराच्या पायथ्यापर्यंत फिरून येतो. त्यांनी सकाळी उकळलेलं पाणी फडक्यातून गाळून पितळेच्या फिरकीच्या तांब्यात भरलं, झाकण घट्ट फिरवलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"लोटन, हा तूच धर बाबा. त्याच्या अंगात आता बळ नाही. आणि दुसरं पाणी त्याला पिऊ देऊ नको."

"काळजी करू नका अक्का," मी म्हणालो.

सायकलवर त्याला मागे बसवून मी पायथ्याशी नेलं. तिथून वर निशाण्या नीट उभा. खाली सागाचं रान, मग गुडघाभर गवत आणि शेवटी शंभर-दीडशे हात उघडा खडक. पाऊस उघडला होता, ऊन भाजून काढत होतं. पहिल्या चढावरच दीपचंद दर वीस पावलांवर थांबू लागला. दगडाला हात टेकायचा, डोळे मिटायचा आणि पुन्हा निघायचा. परत फिरू या, असं तोंडातून एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर मी वर्षभर त्याला त्यावरून छळलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

गवत संपेपर्यंत माझाही घसा कोरडा पडला. माझ्यासाठी पाणी मी आणलंच नव्हतं. पैलवानाला पाणी कशाला! दीपचंद खाली वळणाआड होता. मी तांब्याची फिरकी उघडली आणि दोन घोट प्यालो. मग आणखी दोन. तो वर येताना दिसला तशी घाईघाईने झाकण कसंबसं बसवलं आणि पुढे सुटलो.

खडकाला हात लावला तेव्हा मी त्याच्या बराच पुढे होतो. तो खालून बघतोय म्हणून मी भराभर, जवळजवळ एका हाताने चढलो. मधल्या कपारीत तांब्या खडकावर आपटला, झाकण उडालं आणि सगळं पाणी माझ्या पायांवरून खाली गेलं. झाकण अडकलं होतं एका बेचक्यात. ते घेतलं आणि वर पोचून मी खाली बसलो.

माथ्यावर कातळात खोदलेलं टाकं आहे. पावसाळ्याचं पाणी काठोकाठ भरलेलं, वर हिरवी साय. गुराखी तेच पितात, मीही कितीदा प्यालोय.

दीपचंदला यायला अजून बराच वेळ होता. सगळं मला नीट सुचलं, घाईत काही झालं नाही. साय बाजूला सारून मी तांब्या बुडवला, बाहेरून धोतराने कोरडा पुसला आणि फिरकी घट्ट लावली. स्वतःशी कारणंही मांडली. सूर्य मावळला की याला उद्यापर्यंत थेंब नाही, हा उतरेल कसा? पाणी ते पाणी. पण खरं कारण एकच होतं. पाणी सांडलं म्हटलं की झाकण सैल का होतं, तेही सांगावं लागलं असतं. त्याच्या वाटणीचं पाणी मी चोरून प्यालो, हे सांगायला माझी जीभ उचलेना.

तो वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते, कोपर खरचटलं होतं. पण हसत होता.

"उनू का नही?" म्हणाला.

आला होता खरा. मी तांब्या पुढे केला.

त्याने एक घोट घेतला आणि तो थांबला. "इतलं गार?" तांब्याकडे बघत त्याने विचारलं. "हाई तेच पाणी शे ना?"

"तेच शे. सावलीमा ठेयेल व्हतं."

"आईनं देयेल तेच ना?"

"अरे, आठे दुसरं कोठीन लयसू?" मी चिडून ओरडलो. दहा हातांवर टाकं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

"तसं नही रे," तो ओशाळून म्हणाला. मग त्याने डोळे मिटले, मनात काहीतरी म्हटलं आणि तांब्या रिकामा केला. पिऊन झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू व्हता म्हनीसन उनू," म्हणाला.

उतरताना मी त्याला जवळजवळ पाठीवर घेऊन आलो. एवढी सेवा मी कधी कोणाची केली नव्हती.

चौथ्या दिवशी पारण्याला मला बोलावणं होतं. तोंड चुकवलं तर संशय येईल म्हणून गेलो. ओसरीवर पाट मांडला होता, दीपचंद नवं धोतर नेसून बसला होता. सायरबाईने मुगाच्या पाण्याची वाटी त्याच्या तोंडाजवळ नेली. त्याने ती हाताने बाजूला केली.

"माझा तेला मोडलाय, बाई. आजपासून पुन्हा धरतोय."

सज्जनबाईंचा चेहरा उतरला. "मोडला? कसा मोडला रे?"

"डोंगरावर टाक्याचं पाणी पोटात गेलं. त्या संध्याकाळी तांब्या धुताना कळलं. झाकणाच्या आट्यात शेवाळ होतं. तीन दिवस पुरे केले, पण ते धरायचे नाहीत."

त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि माझं नावही नव्हतं. तो पाटाकडे बघत होता. त्याची नजर माझ्याकडे नुसती वळली असती तरी मी तिथल्या तिथे सगळं ओकलो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. कोण जाणे.

सज्जनबाईंना वाटलं, पोराला तहान आवरली नाही, आता लाजेपोटी आडून बोलतोय. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्याकडे वळल्या.

"तू तर बरोबर होतास रे, लोटन. तू अंगाने धड, पोटाने भरलेला. त्याचं भान सुटलं तर तू तरी हात धरायचास."

ओसरीवरची माणसं माझ्याकडे बघत होती.

"चुकलं अक्का," मी म्हणालो. "पुढच्या वेळी लक्ष ठेवीन."

दीपचंदने मान वर केली नाही. पारण्याचा शिरा पानात आला, आणि ज्याचं पारणं होतं तो उपाशी असताना मी तो खाल्ला. खाल्ला नाही तर लोक विचारतील, ही भीती.

आणखी तीन दिवस तो पाण्यावर राहिला. मी त्यांच्या गल्लीतून जायचं टाळलं, पोळ्यानंतर शेतात फार काम आहे असं घरी-दारी सांगितलं.

पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या खळ्यात आला. त्या दिवशी त्यांच्यात घरोघर जाऊन, वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल त्याची हात जोडून क्षमा मागतात. गालफडं बसली होती, सायकल हातात धरून चालत आला होता. मी कडबा रचत होतो. त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर हात जोडले.

"लोटन, टाक्यावर मी तुले दोनदा इचारं. तुनावर शंका लिधी. माले माफ कर."

एवढं बोलून तो उभा राहिला. हात तसेच जोडलेले. डोळ्यांत राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. तो वाट बघत होता. एक वाक्य मी बोलायचं होतं. ते त्याने माझ्यासाठी जवळजवळ तोंडापर्यंत आणून ठेवलं होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, बैलसुद्धा चरायला गेले होते.

माझ्या हातात कडब्याची पेंढी होती. ती मी खाली ठेवली नाही.

"जाय रे," मी म्हणालो. "माफ करी दिधं."

त्याने मान डोलावली, सायकल घेतली आणि तो पुढच्या घरी गेला.