खंडेनवमीला मुका झालेला स्कॅनर

मी एक जुना स्कॅनर आहे. कोल्हापुरातल्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर प्लास्टिकच्या पांघरुणाखाली उभा असतो. मित्रांनो, मोठ्या दवाखान्यांतले माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या पोटात अख्खा माणूस मावतो. माझ्या पोटात फक्त उंदीर मावतो, पण म्हणून मला हसू नका. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे एकेकाळी माझ्याबद्दल म्हणत.

माझा जन्म परदेशातला. अंगात भलामोठा लोहचुंबक, त्यामुळे मला आत घ्यायला इथली भिंत पाडावी लागली. पूर्णिमा मॅडम माझ्यावर काम करत. स्वमग्न असलेल्या काही माणसांच्या जनुकांत जो बदल आढळतो, तोच बदल असलेले उंदीर त्या सांभाळत. उंदराला हलकी गुंगी देऊन माझ्या पोटात निजवत. त्याला थंडी वाजू नये म्हणून खालून कोमट पाण्याची नळी फिरवलेली असे. मग मी खडखडाट करत त्याच्या मेंदूची चित्रे काढी. मेंदूच्या कोणत्या भागांची एकमेकांशी बोलाचाली आहे आणि कोणत्या भागांचा अबोला, ते त्यातून कळे. काही उंदरांत ही बोलाचाली कमी निघाली, काहींत नको इतकी जास्त. स्वमग्नता एकाच साच्यातली नसावी, असे मॅडमना वाटू लागले होते. खात्रीसाठी अजून पुष्कळ उंदीर तपासायचे होते. त्या मुक्या जिवांचे उपकार मी विसरलेलो नाही.

माझी खोली ज्ञानूमामा झाडत. ते पूर्वी शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात होते. त्यांची नात संयोगिता बोलत नसे. घरात मिक्सर लागला तरी कान झाकून कोपऱ्यात बसे. मामा एकदा तिला इथे घेऊन आले, तर माझा खडखडाट ऐकून ती दारातूनच किंचाळत पळाली. मला फार वाईट वाटले. शेजारीपाजारी म्हणत, पोरीला देवऋषाकडे न्या. मामांचा भरवसा मात्र माझ्यावर बसला.

एकदा त्यांनी विचारलेच, "म्याडम, माझ्या नातीच्या डोक्यात काय चाललंय, ते ह्यो सांगंल न्हवं?"

"लगेच नाही, मामा. औषध निघेल असंही नाही. पण तिच्यासारख्या मुलांना समजून घ्यायची वाट सापडेल."

मामांना तेवढे पुरे होते. त्या दिवसापासून ते मला जरा जास्तच पुसू लागले.

मग खंडेनवमी आली. फौंड्रीत त्या दिवशी भट्टी बंद, यंत्रे बंद. धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, कामाची अवजारे यंत्रापुढे मांडायची, ही तिथली रीत. संस्थेला सुट्टी होती आणि मॅडम वारणानगरला घरी गेल्या होत्या. आत लोखंड न्यायचे नाही, हे मामांना पाठ होते. येणाऱ्यांच्या खिशातल्या किल्ल्या तेच काढून घेत. पण त्या दिवशी खडखडाट नव्हता, संगणकाचे पडदे काळे होते. यंत्र बंद म्हणजे बंद, असे फौंड्रीतल्या माणसाला वाटणारच. मित्रांनो, माझा चुंबक कधीच बंद नसे.

मामांनी एक नारळ आणि हळदकुंकू लावलेला आपला जुना लोखंडी पाना आणला होता. "माझ्या नातीचं कोडं सोडीव बाबा," असे म्हणत ते पुढे झाले. पाना त्यांच्या हातातून सुटला आणि थेट माझ्या पोटात शिरला. मला तो थांबवता आला नाही. आतले नाजूक यंत्र फुटले, उंदरांना निजवायची गादी फाटली. मामा नारळ हातात धरून जमिनीवर बसले.

कळताच मॅडम वारणानगरहून धावत आल्या.

"माझ्याच हातानं घालवलं की म्याडम," मामा म्हणाले.

"मशीन गेलं, मामा. तुमचा हात वाचला," एवढेच मॅडम बोलल्या. मग बाहेर जाऊन एकट्याच रडल्या.

पाना काढायला माझ्या चुंबकाची सारी ओढ उतरवावी लागली. ती पुन्हा चढलीच नाही. माझे सुटे भाग आता कुठे बनत नाहीत, असे कारागीर सांगून गेले. तपासायचे राहिलेले उंदीर पिंजऱ्यातच म्हातारे झाले. मॅडम अर्धीमुर्धी चित्रे घेऊन बंगळुरूला गेल्या. कमी आणि जास्त बोलाचालीच्या त्या दोन्ही गटांचे कोडे अर्धेच राहिले.

मामा अजून माझी धूळ पुसतात. परवा त्यांच्यामागून संयोगिता आली. कान झाकण्यासाठी हात वर केलेलेच होते. आवाज येईना, तसे तिने ते हळूहळू खाली घेतले. पांघरुणाखाली शिरून तिने माझ्या थंड अंगाला गाल लावला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"ह्यो बी आता तुझ्यागत गप झाला बघ," मामा म्हणाले.

मित्रांनो, तिच्यासारख्यांच्या मनापर्यंत पोचायला मी आयुष्यभर खडखडत राहिलो. ती माझ्याजवळ आली ती मी गप्प झाल्यावर. माझे काम आता माझ्याकडून होणार नाही. पण तुमच्या वर्गात कान झाकून बसणारे कोणी असेल, तर त्याच्याजवळ जा. जाताना आवाज तेवढा कमी करा.