कौशल्याबाईंच्या डाव्या गालाआडची दाढ

मला उपटण्यात नागोरावांचे तीन फायदे होते. एक तर नांदेडच्या दवाखान्याच्या खेपा संपणार होत्या, आणि त्या नेमक्या कापूसवेचणीत यायच्या. दुसरं, तेव्हाच्या आंध्रातल्या मुधोळच्या बाजारात दात काढणारा रामाजी त्यांच्या ओळखीचा. तो एका बैठकीत सगळं तोंड रिकामं करून देणार होता. तिसरा फायदा त्यांनी फक्त मित्रांजवळ बोलून दाखवला होता. दात नसलेली बायको कमी बोलते, असा त्यांचा अंदाज होता.

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. खालच्या ओळीत, डावीकडे, शेवटून दुसरी. नागोरावांच्या पत्नी कौशल्याबाई बारा वर्षांच्या होत्या तेव्हा मी हिरडी फोडून वर आले. ज्वारीची भाकरी, ऊस, भाजलेले हरभरे, सगळं माझ्या वाट्याला यायचं. घरात अडकित्ता होता, तरी सुपारी माझ्याचकडे यायची. सासूबाई आल्यागेल्यापाशी सुनेच्या हाताची नव्हे, दाढेची तारीफ करत. मला ते आवडायचं. तारीफ कोणाला आवडत नाही?

मग एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास माझ्या बाजूच्या हिरडीतून रक्त येऊ लागलं. रक्त येतं तिथं बोट लावायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. सगळं गाव तसंच करायचं. डावी बाजू घासणं बंद झालं आणि तिथं मिसरी सुरू झाली. तव्यावर भाजून काळा केलेला हा तंबाखू बायका दुपारी ओसरीवर बसून दातांना लावत. त्यानं हिरडी बधिर होते. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असा सगळ्यांचा समज.

बरं काहीच झालं नव्हतं. माझ्याभोवती किटण चढलं. आधी पिवळं, मग काळं, चुन्याच्या खड्यासारखं टणक. त्याच्या आड हिरडी सुजून सैल झाली आणि त्या फटीत जंतूंनी बिऱ्हाड थाटलं. भाडं न देता खाणारे हे लोक. बाई घोट गिळत, तेव्हा त्यातले काही खाली पोटात उतरत. खाली काय चालतं ते मला दिसत नाही. मी वरच्या मजल्यावरची.

ब्याण्णव साली बाईंच्या पोटात जळजळ सुरू झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. पोटात जखम होती आणि जखमेपाशी जंतू. दोन आठवडे गोळ्या झाल्या, आराम पडला. चार महिन्यांनी जळजळ परत. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम, पुन्हा जळजळ. बाई अर्धी भाकरी खाऊन उठू लागल्या. अंगावरची चोळी सैल झाली.

तिसऱ्यांदा गेल्यावर डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. बॅटरी मारून त्यांनी आतलं किटण पाहिलं. मग म्हणाले की, पोटातला जंतू दातांच्या किटणात लपून राहतो आणि तिथं गोळ्या पोचत नाहीत, असं हल्ली काही डॉक्टरांना वाटतं. पक्कं कोणी सांगत नाही. पण हे तोंड तसंही साफ करायलाच हवं. तुमच्याच बाजूला निर्मलला दाताच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा.

नागोरावांनी यातलं अर्धंच ऐकलं. जंतू तोंडात, तर तोंड रिकामं करा.

बाजाराच्या दिवशी त्यांनी बाईंना रामाजीसमोर बसवलं. दुखण्यानं कंटाळलेल्या बाईही कबूल झाल्या होत्या. रामाजी आधी मोठी दाढ काढायचा, म्हणजे बाकीचे दात मुकाट्यानं येतात म्हणे. त्यानं चिमटा मला लावला आणि हलवलं. भोवतालचे हलले, मी नाही.

"मामी, हे दाढ लय पक्की हाय," तो म्हणाला. "इले काढाले दोन मानसं लागतीन."

बाईंनी त्याचा हात बाजूला सारला. "पक्की हाय तं काऊन काढून राह्यला?"

रामाजीनं नागोरावांकडे पाहिलं. नागोराव म्हणाले, पोटासाठी.

"पोट दुखते म्हनून दात काढता," बाई म्हणाल्या, "उद्या डोस्कं दुखलं तं मुंडकं काढसान का?"

आजूबाजूचा बाजार हसला. बाई उठल्या, पदर सावरला आणि निर्मलच्या बसमध्ये जाऊन बसल्या. नागोराव मागून पळत आले.

निर्मलच्या डॉक्टरीणबाई तेलुगू, बोलायच्या हिंदीत. "अम्मा, दाँत का क्या कसूर है? मसूड़ा सड़ाके रखे तुम." मसूडा म्हणजे हिरडी.

त्यांनी चार खेपांत वाकड्या टोकाच्या आकडीनं किटण खरवडून काढलं. काळे पापुद्रे पडत गेले आणि कित्येक वर्षांनी मला वारा लागला. माझे काही सोबती मात्र मुळापासून सैल झाले होते. ते काढावे लागले.

घरी बाईंनी सकाळ-रात्र ब्रश धरला. पंधरा दिवस रक्त आलं. त्या घाबरल्या, पण थांबल्या नाहीत. रक्तच थांबलं. ओसरीवर शेजारची शकुबाई मिसरीची डबी पुढे करी आणि डाक्टरीन झाली का म्हणून टोमणा मारी. बाई हात मांडीवर ठेवून बसत. तो डबीकडे जाऊ देत नसत. मग गोळ्यांची तिसरी फेरी झाली.

जळजळ परत आली नाही. चार महिने गेले, वर्ष गेलं. पंच्याण्णव साली नांदेडला पुन्हा नळी घातली, तर जखम भरलेली. गोळ्यांचं श्रेय किती आणि ब्रशचं किती, हे डॉक्टरांनी वाटून दिलं नाही. मी माझा वाटा घेऊन टाकला.

त्या हिवाळ्यात शेतात ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला. बाईंनी गरम हरभरे मूठभर तोंडात टाकले, डाव्या बाजूला. मी एकेक दाणा असा फोडला की नागोराव बांधावरून वळून पाहू लागले.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आलं तर घासणं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. दुखणं बधिर करणाऱ्या वस्तूला औषध समजू नका.

आम्ही बत्तीस जण होतो. मिसरी बाईंनी लावली, घाई नागोरावांनी केली. अठ्ठावीस जण अजून भाकरी चावतो. किंमत दिली ती काढलेल्या चौघांनी, माझ्या शेजारच्या दोघांनी आणि वरच्या ओळीतल्या दोघांनी.