बाहेरचा तांब्या

"काय भाऊ, आज दुसऱ्यांदा?" चांगदेवने ओट्यावरून विचारलं. "दहीभात खावा राव. न्हाईतर डिंभ्याला दवाखान्यात जावा सरळ."

हौशीराम थांबला नाही. हातात तांब्या घेऊन डोंगराची वाट चढणाऱ्या माणसाला करवंदवाडीत दुसरं कुठलंही काम असू शकत नव्हतं, आणि हौशीराम तर महिनाभर रोज चढत होता. त्यामुळे त्याच्या पोटाबद्दल वाडीच्या अकरा घरांत अकरा मतं होती. शेजारच्या सरूबाईने तर डाळिंबाच्या साली वाळवून पाठवल्या होत्या.

पोट हौशीरामचं उत्तम होतं. बिघडला होता तो डोंगर.

गवत चांगलं यावं म्हणून डोंगर दरसाल पेटवायची रीत. पण सत्त्याण्णवच्या एप्रिलात विस्तव गवतावर थांबला नाही. कारवीत शिरला, कारवीतून झाडीत गेला आणि तीन दिवस जळत राहिला. पेटवला कुणी हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी हौशीराम बघायला गेला. घोटभर पाणी प्याला, उरलेलं मातीवर ओतलं. ते जिरलंच नाही. अळूच्या पानावर होतात तसे त्याचे मणी झाले आणि उतारावरून घरंगळत गेले.

दुसऱ्या कुणी ते पाहून सोडून दिलं असतं. पण हौशीराम बावीस वर्षं वाडीतल्या पर्जन्यमापकावर सरकारचा पाऊस मोजत होता. सरकारचा पाऊस दिवसातून एकदाच, सकाळी साडेआठला असतो. बाकी वेळी पडतो तो नुसता पाऊस. मोजायची सवय हाडात मुरलेली. तेव्हापासून तो रोज वर जायचा, राख बाजूला सारायचा, मातीवर पाणी ओतायचा आणि ते जिरेपर्यंत आकडे म्हणायचा. न जळलेल्या बांधावर सातालाच पाणी गडप व्हायचं. जळल्या मातीवर दोनशे झाले तरी बसून असायचं. जमीन जे पाणी पीत नाही ते कुठंतरी जाणार. धरून ठेवायला मुळं राहिली नव्हती, आणि खाली वाडी होती.

पावसाचे आकडे जायचे त्या ऑफिसातल्या साहेबांना त्याने हे सांगितलं. साहेब भला माणूस. त्याने चहा पाजला आणि ही माहिती कुठल्या रकान्यात भरायची, असं विचारलं. रकाना नव्हता. मग हौशीरामने शेऱ्यात लिहिलं : 'माती पाणी पीत नाही. वाडी हलवावी.' पंधरा दिवसांनी उत्तर आलं, शेरा फक्त पावसाविषयी असावा.

घरात बायकोचं, सारजाबाईचं, वेगळंच दुखणं होतं.

"माझ्या बापानं नाव घालून दिलेला तांब्या! त्यो घिऊन तुमी समद्या वाडीदेखत डोंगरावर जाता. अवो, निदान अंधारात तरी जावा."

"अंधारात पाणी दिसंल का मला?"

"मला सांगून काय उपेग? लोकांना काय वाटतं त्ये बगा. त्यो तांब्या आता घरात न्हाई यायचा. बाह्येरच ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून तांब्या दाराबाहेरच्या दगडावर राहू लागला.

जूनच्या शेवटी एका सकाळी आभाळ असं काळं झालं, की हौशीरामने हाक देऊन अख्खी वाडी डोंगराच्या सोंडेपलीकडच्या शाळेत नेली. चार थेंब पडले आणि ऊन आलं. पोरांना सुट्टी मिळाली, एवढाच फायदा.

"भाऊ, पोटाचा अंदाज चुकला वाटतं," चांगदेव म्हणाला, आणि लोक पोट धरधरून हसले.

तिसऱ्या दिवशी सारजाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "फुडच्या टायमाला खात्री करून हाक द्या. हसत्यात तुमाला, आन् ऐकू मला येतं."

जुलैत ती वेळ आली. साडेआठला त्याने रोजच्यासारखा पाऊस मोजून लिहिला. नऊला असा कोसळू लागला, की समोरचा डोंगर दिसेना. अर्ध्या तासाने पुन्हा मोजला, तर चाळीस मिलीमीटर. तिसाच्या पुढे धोका, हे त्याने मनाशी कधीच ठरवलं होतं. हाक ओठांवर आली. मग त्याला भाकरी थापणारे हात आठवले, आणि तो तांब्या उचलून वर निघाला. खात्री करायला.

वर पाणी ओतायची गरजच नव्हती. बोटभर चिखल होता. तो उकरला, तर खाली माती पिठासारखी कोरडी.

"निघाऽऽ!" तो ओरडला. पावसात ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

शेजारचा उतार चालायला लागला. धोंडे, जळके बुंधे, चिखल, सगळं एकदम. हौशीराम सवयीने आकडे म्हणत होता. एकोणिसाला आवाज थांबला.

तो पडत-झडत खाली आला तेव्हा ओढ्याकडची चार घरं नव्हती. त्यात एक त्याचं होतं. पण शाळेच्या पडवीत सगळी वाडी उभी होती.

"सारजाबाईनं हाकललं आमाला," सरूबाई म्हणाली. "म्हनली, आमचे वर गेल्यात, म्हंजी कायतरी हाय, निघा. चांगदेव हसाय लागला, तर त्याच्या म्होरची भाकरी उचलली. म्हनली, शाळंत येऊन खा."

"ती कुटं हाय?"

सरूबाईने चांगदेवकडे पाहिलं. चांगदेवने खाली पाहिलं.

"हितं आनून समदी मोजली तिनं," सरूबाई म्हणाली. "मग माघारी गेली. म्हनली, ते खाली येऊन मला घरात हुडकतील. मी दिसले न्हाई तर बावरतील."

सारजाबाई तिसऱ्या दिवशी सापडली. घरातलं दुसरं काही सापडलं नाही. तांब्या तेवढा उरला.

त्या दिवसाचा पाऊस एकशे बासष्ट मिलीमीटर. हौशीरामने तो दुसऱ्या दिवशी साडेआठला लिहिला. शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.

वाडीला पलीकडच्या माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. हौशीराम पुढच्या वर्षीही तांब्या घेऊन चढत राहिला. आता त्याला कुणी पोटाचं विचारत नव्हतं. तो दिसला की चांगदेव ओट्यावरून उठून उभा राहायचा, आणि हौशीराम खाली उतरताना एवढंच म्हणायचा, "किती, भाऊ?"

"नव्वद."

त्याच्या पुढच्या साली पन्नास झाले, मग बावीस. डोंगर पेटवायचं मात्र वाडीने सोडलं. चौथ्या साली कारवी गुडघ्याएवढी झाली होती.

"किती, भाऊ?"

"सात."

चांगदेवने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हौशीराम तसाच घरी आला. दारात बसून राखेने तांब्या घासला; नावाच्या अक्षरांत अडकलेली काळी माती काडीने काढली. लखलखीत झाला. तो हातात घेऊन त्याने एक पाऊल आत टाकलं. खोली रिकामी होती.

तो मागे फिरला आणि तांब्या बाहेरच्या दगडावर ठेवला.