साल्तेराला सहाच्या आत

“हेल्मेट उलटं घातलंयस.”

“हेल्मेट बरोबर आहे. तुझंच डोकं उलटं आहे,” कासिल्दा म्हणाली आणि तिने हनुवटीखालचा पट्टा खटकन लावून टाकला. हेल्मेट उलटंच होतं.

एलादियोने हात पुढे केला, तो तिने झटकला. मग त्याने नाद सोडला. सकाळचे साडेनऊ झाले होते, जुन्या स्टेशनच्या अंगणात ऊन यायला लागलं होतं आणि साल्तेरा बावीस किलोमीटरवर होतं. तिथे सहाच्या आत पोचायचं होतं. सहानंतर नोंदणीची खिडकी बंद होते आणि जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते, असं तिथल्या बाईंनी फोनवर दोनदा बजावलं होतं. आठ महिने वाट बघून मिळालेली जागा होती ती.

रस्ता रेल्वेचा होता, म्हणजे व्हायचा होता. एलादियोच्या आजोबांनी इथले बोगदे खणले, वडिलांनी स्टेशनच्या भिंती बांधल्या, आणि रूळ टाकायच्या वेळेला वरच्या लोकांचा विचार बदलला. गाडी कधी आलीच नाही. पन्नास-साठ वर्षं बोगद्यांत शेळ्या बसल्या, स्टेशनांत पेंढा भरला गेला. पुढे कुणाच्या तरी डोक्यात सायकलींची कल्पना आली, खडी दाबून रस्ता झाला आणि ज्या डोंगरात कुत्रं फिरकत नव्हतं तिथे परदेशातून माणसं यायला लागली.

त्या रस्त्यावर एलादियोने एकोणीस वर्षं ‘झाडू’ म्हणून काम केलं. सायकली भाड्याने देणारे लोक पाहुण्यांच्या हातात नकाशा ठेवतात आणि सांगतात, तुमच्या लहरीने जा, बसावंसं वाटलं तर बसा, झोपा हवं तर. पण कुणीतरी सगळ्यांच्या मागे राहावं लागतं. चाक पंक्चर झालं, कुणाला चक्कर आली, तर बघायला. तोच झाडू. झाडूचा नियम एकच. शेवटच्या स्वाराच्या पुढे जायचं नाही आणि त्याला घाई करायची नाही. तो तासभर गिधाडं बघत बसला तर आपणही शंभर पावलं मागे बसायचं आणि गिधाडं बघायची. एलादियोला हे काम झकास जमलं, कारण त्याला स्वतःला कुठेच पोचायची घाई नव्हती.

आज होती, आणि आजचा शेवटचा स्वार त्याची बायको होती.

मोटारगाडीत कासिल्दा बसत नसे. मागच्या हिवाळ्यात तिने चालत्या गाडीचं दार उघडलं, तेव्हापासून नाव काढलं तरी किंचाळायची. बसमध्ये तीच तऱ्हा. पण सायकल मात्र तिच्या अंगातून गेली नव्हती. मुलीचं नाव आठवणीतून गेलं, गॅस बंद करणं गेलं, सायकल राहिली होती. म्हणून तिच्या कपड्यांची बॅग त्याने कालच सायकलवाल्यांच्या गाडीतून गुपचूप पुढे पाठवली, आणि आज सकाळी म्हणाला, “चल, फिरून येऊ.”

फसवून नेत होता, हे त्याला कळत होतं. पण गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती न्हाणीघरात पडली आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या एलादियोला तिला उचलता आलं नाही. फोन स्वयंपाकघरात होता, पण ती त्याचा हात सोडेना. चार तास दोघं ओल्या फरशीवर बसून होती. मग आरासेली, त्यांची मुलगी, बिल्बाओहून आली आणि म्हणाली, “बाबा, आता पुरे.” तिचं बरोबर होतं, म्हणूनच तो तिच्याशी महिनाभर बोलला नाही.

पहिले पाच किलोमीटर कासिल्दा अशी गेली की एलादियोला धाप लागली. मग तिने एकदम ब्रेक दाबले.

“शतावरी!”

एप्रिलच्या सुरुवातीला या डोंगरातलं माणूस रानशतावरीचे कोंब दिसल्यावर पुढे जाईल, हे शक्यच नाही. लग्नाला निघालेली माणसं थांबतात. कासिल्दा तर या बाबतीत सगळ्या गावाची गुरू होती. ती काटेरी झुडपात कमरेपर्यंत शिरली, आणि जिथे एलादियोला नुसतं गवत दिसत होतं तिथून एकेक कोंब खुडून काढायला लागली.

“तिथे बघ, दगडामागे. आंधळा आहेस का?”

“बघतोय.”

“बघत नाहीयेस. घड्याळ बघतोयस.”

त्याने बाही खाली ओढली. एक तास तिथेच गेला. जुडी झाली, दोन जुड्या झाल्या. तिने त्या गवताच्या पातीने बांधल्या, अगदी पूर्वीसारख्या. ते बघून एलादियोच्या मनात आलं की हिला काही झालेलंच नाही, मीच घाबरट आहे, इथूनच परत फिरावं. मग ती त्याच्याकडे वळून अदबीने म्हणाली, “तुम्ही पुढे व्हा हं. माझा नवरा मागून येतोय. तो झाडू आहे, त्याला उशीर होतो.”

“मीही थांबतो,” एलादियो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मधल्या स्टेशनात चारोची खानावळ होती. चारो ही कासिल्दाची शाळेपासूनची मैत्रीण. अंगाने दांडगी, जीभ त्याहून दांडगी. एलादियोने तिला फोनवर नीट समजावलं होतं की काही बोलायचं नाही. चारो बोलली नाही. तिने टोमॅटो चोळलेले, तेलात भिजलेले पाव समोर ठेवले, कॉफी ठेवली, वेटरवर उगीच दोनदा ओरडली. सगळं ठीक चाललं होतं. पण गावातलं माणूस घर सोडून निघालं की रिकाम्या हाताने त्याला जाऊ द्यायचं नाही, ही तिकडची रीत, आणि ती चारोच्या हाडात होती. निघताना तिने कापडात बांधलेले केक कासिल्दाच्या टोपलीत ठेवले आणि तिला घट्ट मिठी मारली.

“पहिले काही दिवस पुरतील. तिथलं खाणं कसं असेल कुणास ठाऊक. रविवारी येईन हं मी भेटायला.”

आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

“कुठलं खाणं?” कासिल्दाने विचारलं. “कुठे भेटायला?”

“अगं, मी आपलं... एलादियो, सांग ना!” चारो जी एप्रन डोळ्यांना लावून आत पळाली ती बाहेर आलीच नाही.

कासिल्दा एलादियोकडे बघत राहिली. असं लख्ख तिने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

“साल्तेराला ते नन्सचं जुनं घर होतं. तिथे आता म्हातारी माणसं ठेवतात.”

“हो.”

“मला ठेवायला चाललायस.”

त्याने मान हलवली.

“मी फार त्रास देते का?”

“तू नाही. मला उचलता येत नाही तुला, कासिल्दा. मला जमत नाहीये गं.”

तिने टोपलीतलं कापड उगीच सारखं केलं. मग म्हणाली, “हे मी आत्ता विसरेन. मला माहीत आहे, मी विसरते. तू मात्र एक कर. वासरासारखं फसवून आत ढकलू नकोस मला. दारात खरं सांग. मी रडेन, ओरडेन, काय वाटेल ते करेन, पण सांग. शब्द दे.”

“दिला.”

“आणि आत्ता रडू नकोस. हेल्मेटमध्ये फार वाईट दिसतोस.”

पुढचा बोगदा आठशे मीटरचा होता. आत पाण्याची टिपटिप, भिंतीवर पिवळे दिवे. मध्यावर पोचल्यावर कासिल्दाने मागे वळून विचारलं, “कुठे चाललोय रे आपण?”

एलादियोने सांगितलं. सगळं सांगितलं, सायकलवरून उतरून, तिच्याजवळ उभं राहून. शब्दाला जागायचं होतं ना! ती अशी रडली की दोन जर्मन पोरी थांबून पाण्याची बाटली द्यायला लागल्या. ती भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली, “मला घरी ने, एलादियो, मी काही मागणार नाही.” चारोच्या दारात ती जशी समंजस बोलली होती, तसं हे नव्हतं. पोरींना यांची भाषा येईना, यांना पोरींची.

बोगद्याबाहेर आल्यावर तिने डोळे पुसले आणि कड्यावरच्या गिधाडांना हात केला. रडल्याचं तिच्या गावीही नव्हतं. त्याच्या छातीत मात्र ते तसंच राहिलं.

नदीवरच्या पुलाजवळ तिने पुन्हा विचारलं. पावणेचार झाले होते.

“कुठे चाललोय?”

“फिरायला.”

“छान आहे,” ती म्हणाली आणि पेडल मारायला लागली.

दारात सांगेन, त्याने स्वतःला बजावलं. शब्द दाराचा दिलाय, पुलाचा नाही. पुढचे आठ किलोमीटर तो वाक्यं जुळवत राहिला. कासिल्दा, हे घर बघ. कासिल्दा, मी रोज येईन. रोज कसा येणार होता, बावीस किलोमीटर, या गुडघ्यांनी? मग ते वाक्य त्याने काढून टाकलं. पुढे ती आणखी दोनदा थांबली. एकदा मेंढ्यांसाठी आणि एकदा उगीचच. तो शंभर पावलं मागे उभा राहिला आणि तिला त्याने एकदाही हाक मारली नाही. घड्याळ पाच वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. सहा वाजून गेले तर बरंच होईल, असं मनात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि पडलेल्या कासिल्दाचा ओला हातही आठवला.

पावणेसहाला ती दोघं दगडी फाटकाशी पोचली.

ओसरीत नोंदणीचं टेबल मांडून एक तरुण मुलगी बसली होती. नोएलिया, तिथली परिचारिका. मोठ्या डोळ्यांची आणि मऊ आवाजाची. तिने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. एलादियोने पाणी घेतलं आणि पेला तसाच हातात धरून ठेवला. हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नाही. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही सापडत नव्हतं. डोळ्यांतून पाणी मात्र आपलं आपण यायला लागलं, आणि ते थांबवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं.

कासिल्दाने त्याच्याकडे बघितलं. मग ओसरीतल्या चाकांच्या खुर्च्यांकडे, भिंतीवरच्या जेवणाच्या वेळापत्रकाकडे, नोएलियाच्या पांढऱ्या झग्याकडे. आणि तिने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“थोडी माहिती लिहून घेते हं,” नोएलिया म्हणाली. “सकाळी काय लागतं?”

“कॉफी,” कासिल्दा म्हणाली. “दूध जास्त. साखर एकच चमचा द्यायची, डॉक्टरांनी सांगितलंय. तो दुसरा घेतो, आपली पाठ वळली की. घेऊ द्या. कळलं नाही असं दाखवायचं.”

नोएलियाचं पेन थांबलं. नोंदवहीत नाव कासिल्दाचं होतं. तिने एलादियोकडे पाहिलं.

“लिही ना,” कासिल्दा म्हणाली. “झोपतो डाव्या कुशीवर. पाय गार पडतात, दोन मोजे घालायचे, एकावर एक. खिडकी उघडी हवी, नाहीतर कुरकुर करतो. गुडघ्याला लावायचं तेल आहे, ते मी पाठवीन.”

“तुमचे कोण हे, काकू?”

“कोण म्हणजे? नवरा. एवढ्या म्हाताऱ्या माणसाबरोबर मी आणखी कशाला फिरेन?” ती टेबलावर ओणवली आणि आवाज खाली आणून बोलायला लागली, पण एलादियोला सगळं ऐकू येत होतं. “माणूस चांगला आहे. पण एक सांगते, ते नीट लिहून घे. याला एकट्याला जेवता येत नाही. एकट्याला वाढलं तर ताट घेऊन उभ्यानेच खातो, खिडकीपाशी, आणि अर्धं टाकतो. कुणीतरी समोर बसावं लागतं. बोललं नाही तरी चालेल, नुसतं बसायचं. बसाल ना?”

“बसू,” नोएलिया म्हणाली. तिने ते लिहिलं.

कासिल्दा उठली. तिने एलादियोच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला, हेल्मेट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि घामाने चिकटलेले त्याचे चार केस बोटांनी मागे सारले.

“रागावू नकोस,” ती म्हणाली. “मला उचलता येत नाही रे तुला. मला जमत नाही.”

“कासिल्दा,” तो म्हणाला. “कासिल्दा, ऐक. इथे...”

“मला माहीत आहे. रविवारी येते मी. रडू नकोस, लोक बघतायत.”

हाच तो क्षण होता. चार शब्द पुरले असते आणि तिने ते मागून घेतले होते. नोएलिया वाट बघत उभी होती. आत कुठेतरी ताटं मांडल्याचा आवाज येत होता. एलादियोने तोंड उघडलं, आणि बायकोच्या त्या शांत, काळजीने भरलेल्या चेहऱ्याकडे बघत तो म्हणाला,

“ये.”

नोएलियाने काय ते ओळखून त्याच्या दंडाला धरलं. तो तिच्याबरोबर आतल्या लांबलचक वाटेने चालू लागला, दोन्ही बाजूंच्या दारांवरची नावं न वाचता. कोपऱ्याशी वळताना त्याने मागे बघितलं. कासिल्दा ओसरीत उन्हात उभी होती, तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत.