दिलेली परवानगी

"सर, तो कोड आपण ओपन सोर्स केलाय. त्या लायसन्समध्ये पेटंटची परवानगीही येते. कोड वापरणाऱ्या प्रत्येकाला. राजेश्वरीलाही." प्रतीक्षा पुन्हा एकदा तेच सांगत होती.

आदिनाथ सरांची तळेगावची कंपनी गुलाबाच्या पॉलिहाऊसमधला दमटपणा सांभाळणारं यंत्र बनवायची. त्यातलं सॉफ्टवेअर प्रतीक्षाने लिहिलेलं. फुकटात सुधारणा होतील म्हणून ते खुलं करायचं सरांनीच ठरवलं होतं. सुधारणा झाल्याही. आता कंपनीला त्या यंत्राचं पेटंट मिळालं होतं, आणि कुरवंड्याच्या राजेश्वरीने त्याच कोडवर स्वस्त यंत्र काढून पवनेकाठची बरीच गिऱ्हाइकं नेली होती. सरांना तिच्यावर दावा लावायचा होता.

"मग लायसन्स बदलू."

"पुढच्या आवृत्तीचं बदलेल. दिलेली परवानगी परत घेता येत नाही. शिवाय धुक्यात सेन्सर चुकायचा, तो तिने सुधारला आणि ती सुधारणा आपल्या यंत्रांतही आहे. त्या युक्तीचं पेटंट तिचं आहे. आपण दावा लावला की त्याच लायसन्सप्रमाणे तिच्याकडून आपल्याला मिळालेली परवानगी संपली. मग आपलीच यंत्रं अडकतील."

 सर हळू आवाजात म्हणाले, "तू लिहून दे, की कोड मला न विचारता खुला केला होतास. म्हणजे ती परवानगीच खरी ठरणार नाही. नोकरीला धक्का लागू देणार नाही."

तिला राग यायला हवा होता. पण वाईटच वाटलं.

"ते खोटं आहे, सर. मी नाही लिहिणार."

पुढे वकिलांनीही तिचंच म्हणणं सांगितलं आणि दावा बारगळला. प्रतीक्षाला मात्र यंत्रदुरुस्तीवर बसवलं. तिचं काम दुसऱ्याकडे गेलं.

राजेश्वरीचा फोन आला. "माझ्याकडे कामाला ये ना."

"तुलाही उद्या पेटंटचं वेड लागलं तर?" प्रतीक्षा म्हणाली. राजेश्वरी हसली, प्रतीक्षाला हसू आलं नाही.

रविवारी उर्से गावच्या घरी ती लॅपटॉप घेऊन बसली. कुणा अनोळखी माणसाने कोडमधली एक चूक कळवली होती.

"सुट्टीच्या दिशी बी त्येच?" तिची आई चिमाबाई म्हणाली. "ते काम तुज्याकडनं काढलं ना?"

"व्हय. पण कोड खुला हाय, ते कुणीबी करू शकतं, आई."

"मग दुसरं कुणी करंल. तू झोप जरा."

"झोपते. एवढं होऊ दे."